एफेससच्या देवळाखालचे 93 तुकडे : नाणं नेमकं कुठून सुरू होतं?

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यालगत, आजच्या सेल्चुक गावाशेजारी, एफेससचं आर्टेमिस देवीचं देऊळ होतं. त्याची जागा जॉन टर्टल वुड यांना 1869 च्या अखेरीस सापडली. पण वुड यांना रस होता तो वरच्या भव्य संगमरवरी देवळात. 1904-05 मध्ये ब्रिटिश म्युझियमतर्फे डेव्हिड हॉगार्थ तिथं गेले आणि त्या देवळाच्या पायाच्याही खाली उतरले. जागा पाणथळ. खणावं तसा खड्डा भरायचा, पंप लावून पाणी उपसत काम चालायचं. त्या चिखलातून, सगळ्यांत जुन्या चौथऱ्याच्या दगडांच्या सांदीतून आणि त्याच्या खालून शेकडो वस्तू निघाल्या : सोन्याच्या टाचण्या, हस्तिदंती मूर्ती, अंबरचे मणी. त्यांतच होते फिकट पिवळ्या धातूचे छोटे छोटे तुकडे. त्यांचा आकडा सहसा 93 असा दिला जातो. त्यांतले 19 एका लहान मातीच्या भांड्यात एकत्र ठेवलेले होते.

जगातलं पहिलं नाणं कुठलं, हा प्रश्न निघाला की बोट बहुतेक वेळा याच ढिगाकडं जातं. मला मात्र त्यात ‘पहिलं’ काय यापेक्षा एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या ढिगात निव्वळ गोळे आहेत, रेघा असलेले गोळे आहेत, एका बाजूला खड्डा पाडलेले आहेत आणि सिंहाचं डोकं उमटवलेलेही आहेत. म्हणजे धातूच्या तुकड्यापासून नाण्यापर्यंतच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या एकाच ठिकाणी सापडल्या. यांतल्या कुठल्या पायरीला नाणं म्हणायचं, हे ठरवायला याहून चांगलं प्रकरण नाही. ते ठरवताना आपल्या डोक्यातल्या व्याख्येचीही परीक्षा होते.

आधी धातू

हे तुकडे इलेक्ट्रमचे आहेत. इलेक्ट्रम म्हणजे सोनं आणि चांदी यांचा मिश्रधातू. तो निसर्गातही मिळतो. एफेससच्या पूर्वेला लिडियाचं राज्य होतं, त्याची राजधानी सार्डिस, आणि सार्डिसमधून वाहणाऱ्या पॅक्टोलस नदीच्या वाळूत हे सोनं सापडायचं. नदीतल्या सोन्यात चांदी किती असेल याचा नेम नाही. एका ठिकाणच्या कणांत ती थोडी, दुसरीकडं बरीच. सोन्याचा अंश साधारण 70 टक्क्यांपासून 90 टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतो.

ही अनिश्चितता म्हणजे या प्रकरणातली कळीची बाब. चांदीचा तुकडा घेणाऱ्याला तराजू पुरतो. मेसोपोटेमियात तर दीड-दोन हजार वर्षं हेच चालत आलं होतं. इ. स. पू. अठराव्या शतकातल्या एश्नुन्नाच्या कायद्यात धान्य, तेल, लोकर यांचे दर चांदीच्या वजनात लिहून ठेवले आहेत. शेकेल हे तिथं वजनाचं नाव होतं, साधारण सव्वाआठ ग्रॅम. चांदी तोडायची, तोलायची, द्यायची. पैसा होता, उधारी होती, व्याज होतं, दंड होते, आणि नाणं मात्र नव्हतं. नाणं नसेल तर पैसा नसतो, ही समजूत इथंच बाजूला ठेवायला हवी. नाणं ही पैशाच्या इतिहासातली बऱ्याच उशिराची गोष्ट आहे.

इलेक्ट्रमला तराजू पुरत नाही. दोन तुकडे वजनाला गुंजभरही कमी-जास्त नसले, तरी एकात सोनं 85 टक्के आणि दुसऱ्यात 60 असेल तर त्यांची किंमत एक कशी? कसोटीच्या दगडावर घासून रंगाच्या रेघेवरून अंदाज येतो. ग्रीक लेखक या दगडाला लिडियाचाच दगड म्हणत, हे योगायोगानं झालेलं नसावं. पण प्रत्येक व्यवहारात प्रत्येक तुकडा घासून बघायचा, आणि तेही डोळ्यांचा अंदाज घेऊन, म्हणजे व्यवहार व्हायचाच कधी?

तीन तुकडे हातात घेऊन

ढिगातले तीन प्रकारचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिला निव्वळ गोळा. वितळलेल्या धातूचा थेंब थंड होऊन बसावा तसा, वर फुगीर, खाली चपटा. कुठलीही खूण नाही. तरीही तो निव्वळ धातूचा तुकडा आहे असं म्हणवत नाही, कारण असे गोळे मनाला येईल त्या वजनाचे नसतात, ते ठरलेल्या मापात बसतात. या मापाचा पूर्ण एकक म्हणजे स्टेटर, सुमारे 14.1 ग्रॅमचा. त्याचा तिसरा हिस्सा सुमारे 4.7 ग्रॅम, सहावा 2.35, बारावा 1.18, आणि असं निम्म्यानं उतरत उतरत 96 वा हिस्सा, म्हणजे ग्रॅमच्या जेमतेम सातव्या भागाएवढा. कुणीतरी धातू आधी काळजीपूर्वक तोलला आणि मग वितळवला. म्हणजे खूण येण्याच्या आधीच माप आलेलं होतं.

दुसरा रेघांचा. एका बाजूला समांतर बारीक रेघा, दुसऱ्या बाजूला चौकोनी खड्डा. तो कसा झाला हे उघड आहे : गोळा गरम करून ऐरणीवर ठेवला, वरून छिन्नीसारखं हत्यार धरलं आणि हातोडा हाणला. ऐरणीचा पृष्ठभाग रेघारेघांचा होता, त्या खाली उमटल्या. हत्याराचं टोक वर रुतलं. रेघा गोळा घसरू नये म्हणून होत्या की मुद्दाम खूण म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खड्ड्याचा उपयोग मात्र सहज कळतो. तुकडा आत भलत्याच धातूचा असून वरून मुलामा दिलेला असेल, तर खोल खड्ड्यात ते उघडं पडतं.

तिसरा सिंहाचा. स्टेटरचा तिसरा हिस्सा, रुंदी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, आणि जाडी आजच्या नाण्यांशी तुलना केली तर बेढबच म्हणावी अशी. एका बाजूला उजवीकडं पाहणारं, जबडा उघडलेलं सिंहाचं डोकं, कपाळावर किरण फुटलेला गोळा. दुसऱ्या बाजूला शेजारी शेजारी दोन चौकोनी खड्डे. कडा हातोड्याच्या दाबानं तडकलेल्या. पुष्कळदा ठसा तुकड्याहून मोठा असल्यामुळं सिंहाचं नाकच उमटतं, आयाळ बाहेरच राहते. काही लिडियन नाण्यांच्या ठशावर तर समोरासमोर दोन सिंह आणि मध्ये लिडियन लिपीत अक्षरं कोरलेली होती. नाण्यावर त्यांतला एकच सिंह आणि दोनचार अक्षरं यायची. ठसा कोरणाऱ्यानं इतकं बारीक काम केलं आणि हातोडा मारणाऱ्यानं निम्मं वाया घालवलं, असं वाटतं खरं. पण चित्र पूर्ण दिसणं कुणाला गरजेचं वाटत नसावं. सिंह आहे, एवढं ओळखता आलं की काम झालं.

ढिगात सिंहाच्या पंजाचे, सीलच्या डोक्याचे, भुंग्याचे असेही तुकडे आहेत. सील हे फोकाया या शहराचं चिन्ह. म्हणजे एकाच देवळात वेगवेगळ्या जागी पाडलेले तुकडे आले होते.

ठसा कशासाठी?

सगळ्यांत जुनं उत्तर ॲरिस्टॉटलचं. लोक आधी धातू तोलून घेत, मग दर वेळी तोलण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यावर खूण करू लागले. खूण म्हणजे एवढं वजन आहे याची निशाणी. सुटसुटीत उत्तर आहे, शाळेच्या पुस्तकात अजून तेच असतं. पण एफेससच्या ढिगाला ते लागू पडत नाही. वजनाची निशाणी हवी असेल तर चांदीवर खूण करायला हवी होती, कारण तोलण्याचा त्रास हजारो वर्षं चांदीनंच दिला होता. ठसा आधी आला तो इलेक्ट्रमवर, जिथं खरी अडचण वजनाची नव्हतीच, कसाची होती.

पुढची पायरी रसायनशास्त्रानं दाखवली. सिंहाच्या नाण्यांचं विश्लेषण झालं तेव्हा सोनं सरासरी 54-55 टक्क्यांच्या आसपास निघालं, उरलेली बहुतेक चांदी आणि एक-दोन टक्के तांबं. नदीतल्या सोन्याहून हे बरंच खाली आहे. शिवाय सिंहाच्या नाण्यांत हे प्रमाण फारसं हलतही नाही. अर्थ सरळ आहे : नदीत सापडलं तसं ओतलं नव्हतं. चांदी मुद्दाम मिसळली होती, ठरवून, आणि ती मिसळल्यावर पांढुरका पडलेला रंग सावरायला थोडं तांबं घातलं असावं.

यात कुणाचं किती भलं होत होतं, याचा हिशेब करून बघण्याचा मोह आवरत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं पर्शियन राज्याच्या वसुलीचा हिशेब देताना सोन्याची किंमत चांदीच्या 13 पट धरली आहे. तो दर या नाण्यांच्या नंतरचा आणि दुसऱ्या राज्यातला, तेव्हा अंदाजापुरताच घेऊ. 4.7 ग्रॅमचा तुकडा 70 टक्के सोन्याचा असेल तर त्याची किंमत होते सुमारे 44 ग्रॅम चांदी. तोच 55 टक्क्यांचा असेल तर सुमारे साडेपस्तीस ग्रॅम. तुकड्यामागं साडेआठ ग्रॅमच्या आसपास चांदीचा फरक, म्हणजे जवळपास एकोणीस टक्के. घेणारा तो तुकडा नदीच्या सोन्याच्या भावानं घेत असेल, तर हा सगळा फरक पाडणाऱ्याच्या खिशात.

मग घेणारा घेत का असेल? इथं मतं फुटतात. एका मतानुसार ठसा म्हणजे राज्याची हमी : हा तुकडा आम्ही इतक्याला दिला, इतक्यालाच परत घेऊ, कर म्हणून, दंड म्हणून, जे काही आमचं देणं असेल ते म्हणून. कस काय आहे याची तुला फिकीर नको. दुसऱ्या मतानुसार भाडोत्री सैनिकांचे पगार आणि बक्षिसं अशी मोठी देणी एकसारख्या तुकड्यांत भागवण्यासाठी ही सोय झाली, आणि फायदा नंतर कुणाच्यातरी लक्षात आला. मला ही दोन मतं एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. पगार देणारा आणि कर घेणारा एकच असेल, तर तोच तुकडा फिरून त्याच्याकडं येणार. एक गोष्ट मात्र दोन्ही मतांना धरून आहे : ही इलेक्ट्रम नाणी जवळजवळ सगळी आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पश्चिम भागातच सापडतात. दूरच्या व्यापारासाठी ती असती तर इजिप्तपासून सिसिलीपर्यंत विखुरली असती. हमी देणाऱ्याचा हात जिथवर पोचत होता, तिथवरच ती चालली. बाहेरच्या माणसाच्या दृष्टीनं तो 55 टक्के सोन्याचा गोळा होता आणि तो कसोटीच्या दगडावर घासूनच घेणार.

हमी देणारा नेहमी राजाच होता, असंही म्हणता येत नाही. इलेक्ट्रमच्या एका प्रसिद्ध स्टेटरवर चरणारं हरीण आहे आणि त्याच्या वर ग्रीक अक्षरांत, उजवीकडून डावीकडं लिहिलेलं : मी फानेसची खूण. हा फानेस कोण होता हे कळायला मार्ग नाही. राजा म्हणून त्याची कुठं नोंद नाही. कुणी बडा जमीनदार, कुणी अधिकारी, कुणी सावकार, काहीही असेल. तुकडा स्वतःच बोलतो आणि आपला जामीन कोण ते सांगतो. पत्रावर, मडक्याच्या तोंडावर, कोठाराच्या दारावर मुद्रा उठवायची जुनी रीत या भागात होतीच. इथं तीच मुद्रा धातूवर बसली.

अडचणीचे मुद्दे

आता या सरळ वाटणाऱ्या मांडणीत दोन खडे आहेत, आणि ते टाळून पुढं जाणं बरं नाही.

पहिला देवळाचा. हे तुकडे बाजारात सापडलेले नाहीत, देवीच्या चौथऱ्याखाली सापडले. सोबत दागिने आणि मूर्ती होत्या. नवस म्हणून वाहिलेले असतील, पायाभरणीच्या वेळी पुरलेले असतील, किंवा देवळाच्या खजिन्यातले असतील. मग चलनात फिरणारं नाणं म्हणून त्यांचा दाखला द्यायचा तो कुठल्या आधारावर? देवीला वाहताना वस्तूची किंमत तिच्या धातूत असते, तिथं सिंह असला काय आणि नसला काय. कोरा गोळा आणि ठशाचा तुकडा एकाच भांड्यात सुखानं नांदतात ते कदाचित याचमुळं. माझ्या मते हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. ढिगात सगळ्या पायऱ्या एकत्र आहेत म्हणून त्या एकापाठोपाठ एक अशाच घडल्या असं म्हणता येत नाही. कोरे गोळे आधीचे आणि सिंह नंतरचे, हा क्रम आपण आपल्या सोयीसाठी लावतो. टांकसाळीत कोरा गोळा तर रोजच तयार होणार, सिंहाचा ठसा सुरू झाल्यावरही. पण हे तुकडे मुळात फक्त वाहण्यासाठी केले होते, हे मला पटत नाही. देवीला 96 वा हिस्सा नेमका 96 वाच असण्याशी काय देणंघेणं?

दुसरा खडा या लहान तुकड्यांचाच. इलेक्ट्रम फार महाग, रोजच्या बाजारहाटीला निरुपयोगी, असं म्हटलं जातं, आणि सैनिकांच्या पगाराचं मत त्यावरच उभं आहे. मग चौदा-पंधरा शतांश ग्रॅमचे कण पाडायची दगदग कुणी कशाला करेल? ते बोटाच्या पेरावर ठेवले तर फुंकरीनं उडतील. त्यांच्यावर ठसा मारणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. मोठी देणीच भागवायची असती तर स्टेटर आणि त्याचा तिसरा हिस्सा पुरला असता. हे कण सांगतात की सुट्या पैशांची गरज कुणाला तरी होती, निदान शहरातल्या काही व्यवहारांत तरी. आणखीही एक गोष्ट ते सांगतात, जिच्याकडं फारसं लक्ष जात नाही. इतका हलका तुकडा साध्या तराजूवर तोलून खात्री करून घेणं अवघड. काटा इतका हलतच नाही. म्हणजे अशा कणांच्या बाबतीत मोजून घेण्याला पर्यायच नव्हता. तोलायचं सोडून मोजायला लागणं ही नाण्याची खरी ओळख धरली, तर ती सवय मोठ्या तुकड्यांवर लागली असेल की या कणांवर? मला कणांवर म्हणावंसं वाटतं.

काळाचा वाद मी इथं लांबवत नाही. हॉगार्थनं चौथऱ्याचा काळ बराच मागं नेला होता. 1951 मध्ये ई. एस. जी. रॉबिन्सन यांनी सगळं साहित्य पुन्हा तपासून तो पुढं आणला. नंतर ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी तिथं पुन्हा खोदकाम केलं, आणखी तुकडे आणि थरांची नीट नोंद मिळाली. इ. स. पू. सातव्या शतकाचा उत्तरार्ध, एवढं आज बहुतेकांना मान्य आहे. त्यात वीस-पंचवीस वर्षं इकडंतिकडं झाल्यानं आपल्या प्रश्नाला फरक पडत नाही.

बाहेरची तीन उदाहरणं

ढिगाबाहेरचे तीन दाखले ताडून बघितले तर व्याख्येच्या भिंती कुठं पक्क्या आणि कुठं कच्च्या ते कळतं.

तुर्कस्तानच्या आग्नेयेला झिंजिर्ली इथं चांदीच्या जाड गोल लगडी सापडल्या. त्यांवर अरामी लिपीत राजाचं नाव आहे, पनामुवाचा मुलगा बर्राकिब. काळ इ. स. पू. आठव्या शतकाचा उत्तरार्ध, म्हणजे एफेससच्या सिंहाच्या आधीचा. एका लगडीचं वजन अर्ध्या किलोच्या जवळ, बाकीच्या तिच्याहून बऱ्याच हलक्या. धातू आहे, राजाचं नाव आहे. मग हीच पहिली नाणी का नाहीत? कारण ते नाव मालकीचं आहे, ही चांदी बर्राकिबची. ती घेणाऱ्याला काही सांगत नाही. प्रत्येक लगड निराळ्या वजनाची, त्यामुळं ती द्यायची झाली तर पुन्हा तराजूच काढावा लागणार. एफेससच्या कोऱ्या गोळ्याजवळ माप आहे, जामीन नाही. बर्राकिबच्या लगडीजवळ नाव आहे, माप नाही. दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवावं लागतं, आणि कारणं उलटी.

चीनमधला दाखला तंत्राबद्दलचा आहे. हनान प्रांतात ग्वानच्वांग इथं काशाची कुदळीच्या आकाराची नाणी ओतण्याची जागा सापडली. कार्बन पद्धतीनं तिचा काळ इ. स. पू. 640 ते 550 यांच्या दरम्यान ठरला आणि 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे लिडियाच्या अगदी बरोबरीनं, हजारो किलोमीटर दूर, एकमेकांची खबर नसताना. ही नाणी ओतलेली आहेत, ठोकलेली नाहीत, गोल नाहीत, सोन्याचांदीची तर नाहीतच. अवजाराचा दांडा बसवायची पोकळ खोबणीसुद्धा तशीच ठेवली आहे, जरी त्या कुदळीनं कुणी माती उकरणार नव्हतं. तेव्हा गोल, मौल्यवान, ठोकलेलं हे तिन्ही शब्द व्याख्येतून काढून टाकायला हरकत नाही. ते पश्चिमेकडच्या संग्राहकांच्या कपाटातून आले आहेत.

तिसरी आपली आहत नाणी. चांदीच्या पट्टीचे तुकडे, कोपरे छाटून वजनाला आणलेले, 32 रत्तींचे, म्हणजे सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचे कार्षापण. त्यांवर एक ठसा नसतो. सूर्य, सहा आऱ्यांचं चिन्ह, टेकडी, प्राणी असे स्वतंत्र छाप एकेक करून उठवलेले असतात. नाव कुणाचंच नाही. इथं जामीन कोण, असा प्रश्न पडतो खरा. पण त्याच चिन्हांचे तेच गट शेकडो नाण्यांवर पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा ती ओळखणाऱ्याला नावाची गरज नव्हती. त्याहून मजेदार गोष्ट मागच्या बाजूला असते. तिथं बारीक बारीक छाप दिसतात, पुष्कळदा पारख करणाऱ्यांनी किंवा सराफांनी उठवलेले मानले जातात. म्हणजे सरकारी ठसा असूनही माणसं तपासायची थांबली नव्हती, आणि एकदा तपासलेलं पुन्हा तपासायला लागू नये म्हणून स्वतःची खूण करून ठेवत होती. लिडियाच्या काही सिंहांवरही असे पाहुणे छाप आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात नाणी पाडणारा लक्षणाध्यक्ष वेगळा आणि चलनातली नाणी पारखणारा रूपदर्शक वेगळा आहे. पाडणाऱ्याच्या शब्दावर सगळं सोपवू नये, हे शहाणपण त्या वाटणीत दिसतं.

मग निकाल काय?

माझा निकाल असा. कोरा गोळा नाणं नाही, वजनात कितीही चोख असला तरी. तो पैसा आहे, तोलून द्यायचा पैसा, मेसोपोटेमियातल्या चांदीच्या जातीचा. सिंहाचा तुकडा नाणं आहे, आणि ते सिंह सुंदर आहे म्हणून नव्हे. तो ठसा एका विशिष्ट हातात होता, दुसऱ्या कुणाला तो सहजी करता येत नव्हता, आणि त्या हातानं तुकडा परत घ्यायची तयारी ठेवली होती. त्या तयारीवरच 55 टक्क्यांचा माल जास्त भावानं चालू शकत होता. धातूची किंमत आणि तुकड्याची किंमत यांच्यात फट पडली, आणि ती फट कुणाच्या तरी नावावर लागली, की मी त्याला नाणं म्हणेन.

रेघांचा तुकडा मात्र मधेच अडकतो. रेघा कुणीही मारू शकतो. खड्डा कुणीही पाडू शकतो. हा तुकडा घेणाऱ्याला सांगतो की मला तपासलं आहे. कुणी तपासलं, हे सांगत नाही. एका लहान गावात, जिथं रेघांची ऐरण एकाच माणसाकडं आहे हे सगळ्यांना ठाऊक, तिथं तो नाण्याचं काम बिनतक्रार करेल. दोन दिवसांच्या वाटेवर तो पुन्हा गोळा होईल. संग्रहालयाच्या यादीत त्याला नाणं म्हणून क्रमांक मिळतो, आणि मी तो क्रमांक खोडणार नाही, पण पुढं प्रश्नचिन्ह नक्की टाकेन.

लिडियाच्या राजांना या फटीचा मोह पुढं सोडावा लागला. क्रीसस राजाच्या काळात, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याला, सोनं आणि चांदी यांची वेगवेगळी नाणी आली, समोरासमोर सिंह आणि बैल असलेली. सार्डिसच्या उत्खननात त्यासाठी लागणारी भट्टीच सापडली आहे. मिठाबरोबर सोनं दीर्घकाळ तापवून त्यातली चांदी काढून घेण्याची. शुद्ध सोन्याच्या नाण्यात कसाचा प्रश्नच उरत नाही आणि फटही फार उरत नाही. ही नाणी लिडियाच्या बाहेरही चालली, यात नवल नाही.

इलेक्ट्रम तरी संपलं नाही. फोकाया आणि मितिलीनी या दोन शहरांनी ते पुढं दोनशे वर्षं चालवलं, आणि त्यांनी आपसात केलेला करार दगडावर कोरलेला सापडला आहे, इ. स. पू. 400 च्या आसपासचा. दोन्ही शहरांनी आळीपाळीनं एकेक वर्ष नाणी पाडायची. चिठ्ठ्या टाकल्या त्यात पहिली पाळी मितिलीनीची आली. धातूचं मिश्रण करणारा माणूस दोन्ही शहरांना जबाबदार. त्यानं जाणूनबुजून मिश्रण पातळ केलं असं ठरलं तर त्याला मृत्युदंड. चूक जाणूनबुजून नव्हती असं ठरलं तर काय शिक्षा द्यायची ते न्यायालय ठरवेल. आणि शहर मात्र, करारात स्पष्ट लिहिलं आहे, दोषी नाही आणि दंडालाही पात्र नाही.